धारूरचं अगोड चॉकलेट

१

मोहिनीताईंनी चॉकलेटचा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. तुकडा त्यांनी कागदी रुमालात काढला, रुमालाची घडी घातली आणि ताटलीच्या कडेला सरकवून ठेवली.

पुण्याहून धारूरपर्यंत त्या या एका चवीसाठी आल्या होत्या. हातानं बनवलेल्या चॉकलेटांच्या व्यवसायात त्यांचं नाव मोठं. आसारामआप्पांची विधवा सून रोहिणी केरळातून कोकोच्या बिया मागवते, त्यात माजलगावकडचा गूळ आणि बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाचा गर घालून आपल्या शेडमध्ये चॉकलेट करते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. चव पसंत पडली तर रोहिणीचं नशीब उघडणार होतं.

"रोहिणी, यात गूळ घातलाय का?" त्यांनी विचारलं.

"घातलाय ताई. का?"

"तूच चाखून बघ."

रोहिणीनं तुकडा तोंडात टाकला आणि लगेच दुसऱ्या वडीचाही मोडून चाखला. मग बाकीच्यांनी घेतला; आप्पा तेवढे खुर्चीतच बसून राहिले. आप्पांचा पुतण्या अमरसिंह दारात जाऊन थुंकून आला. निवृत्त फौजदार सत्यशीलाबाई शेजारी म्हणून बोलावण्यावरून आल्या होत्या, त्यांनीही घेतला. तोंडात माती घोळवावी तसं झालं. कडवटपणा होता, सीताफळाचा वासही होता, पण गोडाचा मागमूस नव्हता.

"गोड हाय की," मागून आवाज आला. गूळवाला तानाजी खांबाला टेकून उभा होता. "लई गोड हाय. तुमी असं कावून करता?"

"तू गप बस बे," अमरसिंह म्हणाला. "गूळ तुजा, तू गोडच म्हणणार."

"काल रात्री मी स्वतः याच वड्या चाखल्या," रोहिणी म्हणाली. "चांगल्या गोड होत्या. मग कुलूप लावून घरी गेले."

अमरसिंहानं लगेच धागा पकडला. काल वड्या गोड होत्या, आज नाहीत, म्हणजे वड्या बदलल्या. आणि कोठीची किल्ली रोहिणीशिवाय एकाच बाईकडं असते.

चहाचे कप गोळा करणारी मंगल जागच्या जागी थबकली.

"मी कशाला बदलू, भाऊ?"

"गुळाची चांगली वडी बाजारात खपती. बिनगुळाची आमाला." अमरसिंह सत्यशीलाबाईंकडं वळला. "तुमी सांगा बाई. तुमी उभा जन्म चोर पकडले. हाय का यात गूळ?"

सत्यशीलाबाईंनी एकदा मंगलकडं पाहिलं, एकदा ताटलीकडं. जिभेला जे कळलं होतं तेच त्यांनी सांगितलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्या एका शब्दावर मंगलचं काम गेलं.

२

दुपार कलली तरी तो शब्द सत्यशीलाबाईंच्या मनातून जाईना. नोकरीत त्यांनी कधी अर्धवट साक्ष दिली नव्हती, आणि आज पुरावा न बघता नुसत्या जिभेवर विसंबून एका बाईला चोर ठरवलं होतं. अमरसिंहानं वड्यांची सगळी ताटं खताच्या खड्ड्यात उपडी करायला लावली होती. मोहिनीताई फार न बोलता गाडीत बसून निघून गेल्या होत्या. चपला घालून सत्यशीलाबाई मंगलच्या वस्तीकडं निघाल्या.

दसरा उलटून गेला होता. वस्तीत बांधाबांध चालली होती, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. मंगलचा नवरा सुग्रीव गोधडीची वळकटी आवळत होता. यंदा मंगल त्याच्यासोबत जाणार नव्हती. शेडमधलं काम लागल्यापासून आठवीतली पोरगी पहिल्यांदाच सबंध वर्ष एका शाळेत बसणार होती. आता त्याच वळकटीत मंगलचा आणि पोरीचा कपडा गुंडाळला जात होता.

"उद्या सकाळी ट्रॅक्टर निघतोय," मंगल म्हणाली. तिनं बाईंना बसा म्हटलं नाही. "मुकादमाला सांगून आले, आमी बी येतो म्हणून. पोरीला एकटी कुणाच्या गळ्यात घालू?"

"मंगल, वड्या तू बदलल्यास?"

"तुमी तर सांगून बसलात की. आता इचारता कावून?"

सत्यशीलाबाई उंबऱ्यावरच बसल्या. "सांगितलं, खरं आहे. जिभेला जे कळलं ते सांगितलं. म्हणून तर आलेय. तू चाखलं होतंस का?"

"पाव्हण्यांच्या आधी कसं चाखायचं? आन् नंतर कुणी हाती लागू दिलं?" मंगलनं वळकटीची गाठ दातानं ओढली. "सकाळपास्नं मी चुलीपुढं. नव्या मशीनची पूजा झाली तवा बी आतच होते. तीर्थाला बी बाहेर आले न्हाई. सगळ्यांचा चहा मीच केला."

"तो चहा फिक्का होता. आप्पांची शुगर आहे म्हणून बिनसाखरेचा केलास ना?"

मंगलनं मान वर केली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"फिक्का? मूठभर साखर टाकलेली त्यात. उरलेला मीच प्याले. तानाजीदादानं गोड झालाय म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतला. फिक्का कुणी म्हणलं?"

म्हटलं कुणीच नव्हतं. पुण्याची पाहुणी समोर बसलेली असताना चहाला नावं कोण ठेवणार? पण सत्यशीलाबाईंना तो चहा चांगला आठवत होता. गरम पाण्यासारखा लागला होता.

३

रोहिणी शेडमध्ये एकटी होती. भिंतीला बिया दळायचा नवा ग्राइंडर होता, त्याच्या दगडांवर सकाळच्या पूजेचं हळदकुंकू तसंच होतं.

"मंगलनं असं केलं असेल, हे मला अजून खरं वाटत नाही," ती म्हणाली. "पण मग दुसरं काय म्हणू? माझीच जीभ सांगतेय."

"चहा कसा लागला तुला?"

"चहाकडं कुणाचं लक्ष होतं, बाई?"

सत्यशीलाबाईंनी विषय बदलला. "मोहिनीताईंशी काय ठरलं होतं? सगळं सांग."

"चव पसंत पडली तर मी पुण्याला जायचं. माझ्या पोरीला, संस्कृतीला, तिथल्या शाळेत घालायचं. इथली शेड मंगल सांभाळणार होती. तिला मी तसं बोललेही होते."

म्हणजे वड्या बदलून मंगलनं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला असता. सत्यशीलाबाईंनी हे मनात टिपून ठेवलं.

"आप्पा काय म्हणाले?"

"आप्पांनीच जा म्हटलं. माझा नवरा भागवत गेल्यावर लोक म्हणत होते, सुनेला माहेरी पाठवा. आप्पांनी मला ही शेड बांधून दिली. पुण्याचं कळलं तेव्हा म्हणाले, तुझ्या मनाला येईल ते कर, माझी आडकाठी नाही. असा सासरा कुणाला मिळतो?" तिनं डोळे पुसले. "अमरसिंहभावजींचं मात्र बिनसलं होतं. त्यांना ही जागा खताच्या दुकानाला पाहिजे. मी गेले तरी शेड चालू राहणार, हे त्यांना खपत नव्हतं."

अमरसिंह बाजारात, कार्यकर्त्यांच्या घोळक्यात सापडला. त्यानं काही लपवलं नाही.

"जागा पाहिजे मला, तोंडावर सांगतो. पण वड्या मी बदलल्या असत्या तर थुंकायला दारात कशाला गेलो असतो? खाल्ल्याच नसत्या. अजून तोंड कसंतरी होतंय." तो थांबला. "खरं सांगू का बाई, घरी जाऊन बत्तासा खाल्ला. तो बी मातीच. आजचा दिवसच वाईट."

सत्यशीलाबाई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

"बत्तासा कधी खाल्लास?"

"तिथनं आलो आन् लगेच. कावून?"

त्या उत्तर न देता वळल्या. चहा, चॉकलेट, बत्तासा. तीन ठिकाणचं गोड एकाच सकाळी कसं नासेल? त्यांच्या पदराच्या गाठीत एक गोष्ट होती. पोलिसातली जुनी खोड, वस्तू फेकायच्या आधी थोडी ठेवून घ्यायची. सकाळच्या वडीतला अर्धा तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून पदराला बांधला होता.

भर रस्त्यात उभं राहून त्यांनी गाठ सोडली. तुकडा मऊ पडला होता. त्यांनी तो जिभेवर ठेवला.

गूळ होता. भरपूर गूळ होता, आणि मागून सीताफळ.

४

वडी तीच, जीभ तीच. मग सकाळी काय बदललं होतं? चॉकलेटात कुणी काही केलंच नव्हतं. जे केलं ते खाणाऱ्यांच्या जिभेला केलं होतं. आणि कुणाच्या जिभेला केलं नव्हतं, हे कळलं की गाठ सुटणार होती.

तानाजी बसस्टँडजवळ टेम्पोत बसून होता. त्याला माजलगावच्या बाजूला परतायचं होतं, पण गुळावर बट्टा लागल्यामुळं त्याचा पाय निघत नव्हता.

"तानाजी, सकाळी पूजेच्या वेळी तू हात मागं घेतलास. मी बघितलं होतं. आप्पा तीर्थ द्यायला आले आणि तू खांबाआड झालास. मला तेव्हाच खटकलं होतं."

"आता घ्या, तीर्थावरनं बी चोर," तानाजी कडवटपणे म्हणाला. "भावकीतली म्हातारी गेली परवा. सुतक हाय आमाला. सुतकात तीर्थ कसं घेणार? आप्पाला सांगितलं तवा ते बी म्हणले, बरोबर हाय, राहू दे."

"आणि वडी कशी खाल्लीस मग?"

"ती काय परसाद होती का? खायचीच वस्तू की."

सत्यशीलाबाई टेम्पोच्या पायरीवर टेकल्या. सकाळ त्यांच्यापुढं पुन्हा उभी राहिली. नव्या ग्राइंडरची पूजा, यजमान स्वतः आप्पा. तांब्याच्या तांब्यातलं तीर्थ त्यांनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पळी घेऊन स्वतः एकेकापुढं गेले होते. तीर्थ म्हटल्यावर आपल्याकडं कोण विचारतो त्यात काय आहे म्हणून? ओंजळ पुढं करायची, प्यायचं, ओला हात डोक्यावरून फिरवायचा. कडसर लागलं होतं, पण तुळस जास्त झाली असेल, कापूर पडला असेल, असं म्हणून सगळ्यांनी गिळलं. आणि आप्पा हसून म्हणाले होते, "लगेच गिळू नका. चॉकलेट खायच्या आधी तोंड साफ करावं लागतं म्हणं. जरा तोंडात घोळवा, देवाचं बी हुईल आन् ताईचं बी हुईल."

सगळे हसले होते. मोहिनीताईंना तर फार कौतुक वाटलं होतं.

ज्यांनी तीर्थ घेतलं त्या सगळ्यांच्या तोंडची गोडी गेली. ज्यानं घेतलं नाही त्याला वडीही गोड लागली आणि चहाही. मंगल तीर्थाला आलीच नव्हती, तिलाही चहा गोड लागला. आणि आप्पांनी वडीला हात लावला नव्हता. शुगर आहे, मला कशाला, म्हणाले होते.

"तानाजी," सत्यशीलाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "आप्पा शुगरवर कसलं औषध घेतात, ठाऊक आहे?"

"अख्ख्या धारूरला ठाऊक हाय. बेडकीचा पाला. किल्ल्याकडच्या झाडीत वेल हाय त्याचा, रोज आणून उकळून पेतेत."

सत्यशीलाबाईंचे वडील वैदूकडून तोच पाला आणायचे. लहानपणी त्यांनी एकदा चोरून चघळला होता, आणि वर साखर खाल्ली होती. साखर तोंडात वाळूसारखी लागली होती.

त्यांना आनंद झाला नाही. कोडं सुटल्यावर होतो तसला काहीच झाला नाही. धारूरात त्या ज्या एका माणसाला मानत होत्या, त्याच्याच दारात आता जायचं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरलं तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. शेजारी तांब्या, त्यात हिरवट काढा. सत्यशीलाबाई समोर बसल्या आणि त्यांनी उजव्या हाताची ओंजळ पुढं केली.

"आप्पा, एक पळी मला द्या."

आप्पांचा हात तांब्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"काल घेतलं की तुमी," ते म्हणाले.

"घेतलं. म्हणून तर मंगलला चोर ठरवलं मी."

आप्पांनी नाकारलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि कालच्या एका कामानं ते पार खचले होते. धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं.

"देवाच्या तांब्यात घातलं मी हे. माळकरी माणूस. हात कसा झाला, मला बी कळंना."

"का केलंत?"

"पोरगं गेलं. घरात आता सून आन् नात. संस्कृती रोज सांजच्याला पाढे म्हणून दावती. त्या दोघी गेल्यावर या ओट्यावर मी कुणाची वाट बघू?" त्यांनी तांब्या बाजूला सारला. "वाटलं, त्या बाईनं एकदा नको म्हणलं की झालं. कुणाचं काय जातंय? दुसऱ्या दिवशी परत वड्या गोडच लागतील, पुढं धंदा हितंच चालंल. मंगलवर येईल असं ध्यानात बी आलं न्हाई."

"आल्यावर तरी बोलायचं होतं."

"जीभ उचलली न्हाई." आप्पांनी मान खाली घातली. "रोहिणीला तुमी सांगा. मला त्वांड न्हाई."

"मी नाही सांगणार," सत्यशीलाबाई उठल्या. त्यांना आप्पांची कीव येत होती आणि रागही येत होता. "माझं मला निस्तरायचं आहेच. तुमचं तुम्ही सांगायचं. आणि आधी रोहिणीला नाही, मंगलला. ट्रॅक्टर निघायच्या आत."

दारात पावलं वाजली. रोहिणी उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

६

वस्तीपुढच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर धूर ओकत उभा होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्यांची डालगी, आणि त्यावर माणसं. मंगल कडेला बसली होती, पोरगी तिच्या मांडीला टेकून. बंकट मुकादम शिट्टी मारणार तोच लोकांनी आप्पांना येताना पाहिलं. काठी टेकत, दम खात ते येत होते, आणि मागं रोहिणी न बोलता चालत होती.

आधी सत्यशीलाबाई पुढं झाल्या. "मंगल, काल मी चुकीची साक्ष दिली. वडीत गूळ होता. ती साक्ष मी सगळ्यांपुढं मागं घेते."

मग आप्पा बोलले. माणसांपुढं भाषणं केलेला तो माणूस चार वाक्यं बोलताना अडखळला. तीर्थात काय घातलं ते त्यांनी सांगितलं, कशापायी घातलं तेही सांगितलं. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

रोहिणी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"आप्पा, एकदा म्हणायचं तरी. जाऊ नको, एवढंच म्हणायचं."

"म्हणलो असतो तर तू थांबली असतीस, पोरी," आप्पा म्हणाले. "जल्मभर थांबली असतीस. म्हणून तर म्हणलो न्हाई."

तिनं सासऱ्याचा काठीवरचा हात धरला. खाली उभ्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, झालं, मिटलं सगळं.

"आन् मी?" वरून मंगलनं विचारलं.

तिचा आवाज चढलेला नव्हता. आप्पांनी वर पाहिलं.

"तुमचा तुमच्या सुनेवर लई जीव, ते कळलं. तिला दुखवायला नगं म्हणून तुमी तीर्थात पाला घातला. पर मला काल चोर म्हणलं तवा तुमी तितंच खुर्चीत बसलेले. माजी पोरगी आज शाळेत असती. तवा माजा काय इचार केला तुमी?"

आप्पांचे ओठ हलले. त्यांना काहीतरी बरं वाटेल असं सांगता आलं असतं, आणि धारूरात ते कुणी खोटंही मानलं नसतं.

"तुजा इचारच केला न्हाई, मंगल," ते म्हणाले. "तू हाईस, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई."

सुग्रीवनं मंगलच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं हळूच बाजूला केला.

"त्या पुण्याच्या बाईला फोन लावा," ती रोहिणीला म्हणाली. "तिच्यापुढं चोर म्हणलंय मला. आप्पांना तिला सांगू द्या. हितं, सगळ्यांच्या म्होरं."

रोहिणीनं फोन लावला, आवाज मोठा केला आणि आप्पांच्या हातात दिला. पलीकडून मोहिनीताईंचा आवाज आला, तसा त्यांनी घसा साफ केला.

"ताई, मी आसाराम बोलतोय, धारूरहून. मंगलनं चोरी केली न्हाई. वडी चांगली होती. वाईट मी वागलो."

पलीकडं मोहिनीताई काय म्हणत होत्या ते कुणी नीट ऐकलं नाही. सगळे मंगलकडं बघत होते. तिनं आधी पोरीच्या फ्रॉकवरची धूळ झटकली, तिला दंडाला धरून ट्रॉलीतून खाली उतरवलं आणि म्हणाली, "घंटा व्हायच्या आत पोच." पोरगी पळत सुटली. ती वळणाआड जाईपर्यंत मंगल ट्रॉलीतच उभी राहिली, मग स्वतःचं गाठोडं शोधायला वाकली.